मारवा ऐकण्याआधी

इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचा मारवा राग लावला आणि जुन्या इंदुरातल्या फरशीच्या, मोकळ्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमला, की घरात ‘सिस्टीम बदलू या’ असा विषय निघतो. पैसे काढण्याआधी थोडं समजून घ्यावं.

पहिली सुधारणा खोलीची. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचं कपाट यांनी घुमारा कमी होतो. स्पीकर भिंतीला टेकवू नयेत. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा.

मग स्पीकर. ॲम्प्लिफायरच्या वॉटना भुलू नये. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. तेवढीच वाढ ८७ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त मोठा वाजणारा, स्पीकर घेऊनही मिळते.

तबकड्या वाजवायच्या असतील, तर ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ इनपुट आहे का ते पाहावं. नसेल तर वेगळा फोनो प्रीॲम्प लागतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला एलपीची बारीक सुई चालत नाही.

दोन संचांची तुलना करताना एकच ध्वनिमुद्रण, एकाच पातळीवर ऐकावं. किंचित मोठा आवाज कानाला उगाच सरस वाटतो, आणि दुकानात नेमकी तिथेच फसगत होते. शेवटी जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावावं. गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मधून आला, तर मांडणी जमली.