धानावरील नाकतोडा व शेताचे धुरे

भंडारा जिल्ह्यात धान निसवतेवेळी नाकतोडा दिसला म्हणजे आमचे शेतकरीबंधू बांधीत उपाय शोधू लागतात. परंतु या कीटकाचे खरे घर धुऱ्यात आहे, हे आम्ही त्यांच्या नजरेस आणू इच्छितो. शास्त्रात यास हायरोग्लायफस बनियन म्हणतात. रंग हिरवट-पिवळा असून मानेवर तीन काळ्या आडव्या रेघा असतात. याची वर्षास एकच पिढी होते. पावसाळा सरल्यावर मादी धुऱ्याच्या मातीत, सुमारे २ इंच खोल, एका पुंजक्यात ३० ते ४० अंडी घालते. ती उन्हाळाभर निपचित राहून पाऊस पडताच फुटतात. बिनपंखी पिल्ले प्रथम धुऱ्यावरील गवत खातात व मग धानात उतरतात. मोठी झाल्यावर लोंबीचा देठही कुरतडतात.

म्हणून धुऱ्यावरील तूर निघाल्यावर उन्हाळ्यात धुऱ्याची वरची माती खरडावी. उघडी पडलेली अंडी उन्हाने वाळतात, पाखरेही ती वेचतात. चिखलणीच्या वेळी धुरा पुन्हा चिखलाने लिंपून घ्यावा, म्हणजे पाणी फुटत नाही. मात्र एकट्याने खरडून कार्य साधत नाही. धुरा दोन शेजाऱ्यांच्या मध्ये असतो. तेव्हा हे काम दोघांनी मिळूनच करणे उचित होय.