आधी पडायला शिकवा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की सोसायट्यांच्या फाटकांवर आणि शाळांच्या कुंपणांवर फ्लेक्स लागतात. कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग. वय वर्षे ४ ते १५. स्वसंरक्षण, एकाग्रता, आत्मविश्वास, दर काही महिन्यांनी बेल्ट परीक्षा. पालक फी विचारतात, वेळ विचारतात, कराटे चांगलं की तायक्वांदो हेही विचारतात. त्या फ्लेक्सवरची सगळ्यात खटकण्यासारखी गोष्ट मात्र कुणाला खटकत नाही, ती म्हणजे ‘४ ते १५’. बालवाडीतल्या आणि दहावीतल्या मुलाला एकाच रांगेत बसवून गणित शिकवणाऱ्या शाळेत आपण मूल घालणार नाही. ठोसे आणि लाथा शिकवणाऱ्या वर्गात मात्र ते बिनदिक्कत चालतं. माझं म्हणणं असं, की कोणती कला निवडायची हा नंतरचा प्रश्न आहे. कोणत्या वयाला काय शिकवतात आणि काय शिकवायचं मुद्दाम मागे ठेवतात, यावर त्या वर्गाचं बरंवाईट ठरतं. समोरच्याला मारणं हा त्यातला शेवटचा धडा असायला हवा.

मुलांसाठी ही विद्या वेगळी करून शिकवावी लागते, हा काही आजच्या बालमानसशास्त्राचा शोध नव्हे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ओकिनावामधल्या शाळांत कराटे आलं, ते आन्को इतोसु यांच्यामुळे. मोठ्यांचे लांबलचक, अवघड काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचाली, शाळकरी पोरांना झेपणार नाहीत हे ओळखून त्यांनी पाच छोटे, सोपे काता बसवले. आपल्याकडच्या अनेक वर्गांत पांढऱ्या बेल्टची मुलं पहिल्यांदा जो हेइआन शोदान हा काता घोकतात, त्याचं मूळ तिथलंच. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जुदोची शाळा काढली तेव्हा जुन्या जुजुत्सूतले हाडं मोडणारे प्रकार सरावाच्या झोंबीतून बाजूला काढले. आपल्या तालमींतही पोराला पहिल्याच दिवशी कुणी कुस्तीला उभं करत नाही. आधी जोर-बैठका, हौद्यातली माती उकरणं, थोरल्यांच्या कुस्त्या बघणं. मर्दानी खेळात हातात आधी लाठी येते, दांडपट्टा पुष्कळ पुढे. यांतल्या अनेक उस्तादांनी बालविकासाची पुस्तकं वाचलेली नव्हती, पण घाई केली की पोर मोडतं हे त्यांना माहीत होतं.

चार ते सात या वयात मुलाला शिकवण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट आहे पडणं. जुदोत तिला उकेमी म्हणतात. मूल तोल जाऊन मागे पडतं तेव्हा त्याचा हात आपोआप मागे टेकायला जातो. सगळं वजन मनगटावर येतं आणि तिथलं किंवा कोपराजवळचं हाड मोडतं. लहानपणीची कितीतरी फ्रॅक्चर्स अशी होतात, मग पडणं झोक्यावरून असो की सायकलवरून. उकेमीत नेमकी हीच सवय मोडतात. मूल आधी उकिडवं बसतं, हनुवटी छातीला टेकवतं आणि पाठ गोल करून मागे लोळतं. पाठ मॅटला टेकते त्याच क्षणी दोन्ही हात, कोपरापासून तळव्यापर्यंत, अंगापासून थोडे फाकवून मॅटवर सपाट आपटायचे. धक्का मोठ्या भागावर पसरतो, आणि हनुवटी आत असल्यामुळे डोकं जमिनीला लागत नाही. उकिडवं जमलं की ओणवं, मग उभ्यानं, मग चालता चालता. यात मारामारी कुठेच नाही, आणि पाच वर्षांच्या मुलाला यात भरपूर मजा येते. जोडीला कोलांटी, एका पायावर उभं राहणं, शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबणं. या वयात तोल आणि शरीराची समज झपाट्यानं तयार होत असते, लक्ष मात्र काही मिनिटांपलीकडे टिकत नाही. अशा मुलांना तासभर रांगेत उभं करून ‘इच, नी, सान’ असे जपानी आकडे ओरडायला लावणाऱ्या सरांना शिस्त दिसत असेल, शिकणं फारसं होत नाही.

पडणं नीट न शिकवता पाडायला शिकवलं की काय होतं, हे जपाननं फार महागात शिकलं. नागोया विद्यापीठातले अभ्यासक र्यो उचिदा यांनी जपानी शाळांमधल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. १९८३ पासूनच्या सुमारे तीस वर्षांत शाळेच्या जुदोत शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाल्याचं त्यातून पुढे आलं. बरेचसे मृत्यू डोक्याला मार लागून झालेले, आणि मरणाऱ्यांत नव्यानं दाखल झालेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रमाण मोठं. म्हणजे ज्यांना अजून नीट पडता येत नव्हतं, अशांनाच अनेकदा जोरात आपटलं गेलं होतं. २०१२ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या तेव्हा या आकड्यांवरून मोठा वाद झाला. दोष जुदोचा असता तर जिथे जुदो खेळणारे जपानपेक्षाही जास्त आहेत त्या फ्रान्समध्ये असेच आकडे दिसले असते. तसं झालं नाही. तिथे पैसे घेऊन जुदो शिकवायला सरकारी पदविका लागते. आपल्याकडे सोसायटीच्या गच्चीवर वर्ग काढायला काय लागतं, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावं.

आठ ते बारा या वयात मुलाला तंत्र कळू लागतं, चुका ध्यानात येतात, काता पाठ होतो. जोडीदाराबरोबरचा ठरवून केलेला सराव, म्हणजे तू ठोसा मार, मी अडवतो, इथपासून सुरू करावा. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की लवकर स्पर्धेत उतरवलं नाही तर मूल मागे पडेल. पदकांची भूक आपल्यापेक्षा जपानला कमी नाही, आणि तरीही तिथल्या जुदो महासंघानं २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. कारण लहान मुलांना वजन उतरवायला लावलं जात होतं, प्रशिक्षक आणि पालक कडेला उभे राहून मुलांवर आणि पंचांवर ओरडत होते. त्या वेळी महासंघाचे अध्यक्ष होते यासुहिरो यामाशिता, १९८४ चे ऑलिम्पिक विजेते. जिंकण्याचं मोल त्यांना कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

खरी लढत, म्हणजे कुमिते किंवा स्पारिंग, बारा-तेरानंतर आणि तीही हलक्या स्पर्शाची. डोक्याला मारण्याबाबत तर आणखी सावध राहावं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये या विषयावर अहवाल काढला. त्यांचा सल्ला सरळ आहे : सुरुवात स्पर्शाविना, स्पर्धा आणि प्रत्यक्ष मारामारी मूल शरीरानं आणि मनानं तयार झाल्यावरच. मऊ हेल्मेटनं मेंदूला बसणारा हादरा टळतो याला पुरावा नाही, उलट त्यामुळे खोटी निर्धास्ती येते, असंही त्यांनी बजावलं आहे. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनांत दहा वर्षांच्या मुलांकडून कौलं आणि फरश्या फोडून घेतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो, हाडाची लांबी तिथून वाढते. त्याला इजा झाली तर वाढ वाकडी होऊ शकते. पाच मिनिटांच्या टाळ्यांसाठी ही जोखीम घेण्याचं काहीच कारण नाही.

या कलांनी मुलं मारकुटी होतात, असं अनेक आयांना वाटतं. ही भीती निराधार नाही. नॉर्वेत ११ ते १३ वर्षांच्या मुलग्यांचा दोन वर्षं मागोवा घेतला, तेव्हा बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पौर्वात्य युद्धकला शिकणाऱ्यांत खेळाबाहेरचंही गैरवर्तन वाढलेलं दिसलं. याउलट २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शाळेत तीन महिने युद्धकला शिकलेली मुलं नेहमीचा पी.टी.चा तास करणाऱ्यांपेक्षा स्वतःवर ताबा ठेवण्यात पुढे गेली. हे दोन्ही खरं कसं? याचं उत्तर १९८६ च्या एका जुन्या प्रयोगात सापडतं. गुन्ह्यांकडे वळलेल्या किशोरवयीन मुलांचे गट केले. एका गटाला तायक्वांदो त्याच्या नियम-संयमासकट शिकवलं, दुसऱ्याला त्यातली मारामारी तेवढी. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली होती, दुसऱ्याची वाढली होती. प्रयोग लहान होता, मुलं जेमतेम चौतीस, त्यामुळे त्यावर सगळा भार टाकता येणार नाही. तरी कलेचं नाव तेच राहून शिकवण्याच्या पद्धतीनं परिणाम उलटा होऊ शकतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता बेल्ट. रंगीत पट्ट्यांशिवाय मुलं टिकत नाहीत असं प्रशिक्षक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. लहान मुलाला डोळ्यांना दिसणारी पायरी हवी असते. पण दर परीक्षेला वेगळी फी, आणि नापास कुणीच होत नाही, असं असेल तर तो शिक्षणाचा भाग राहत नाही. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांची दान, म्हणजे काळ्या पट्ट्याची, पदवी देत नाहीत. त्याला पूम मिळतो, आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. ब्राझिलियन जुजुत्सूत सोळा वर्षांपर्यंत मुलांचे पट्टेच वेगळे. आठव्या वर्षी पूर्ण काळा पट्टा मिळालेल्या मुलाचं कौतुक जरूर करावं, पण त्यावरून त्याला स्वतःचं रक्षण करता येतं असं समजू नये.

स्वसंरक्षणाचा मुद्दा मुलींच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. मुलींना लवकरात लवकर मारायला शिकवलंच पाहिजे, बाकीचं नंतर, असं म्हणणाऱ्यांची तळमळ समजते. पण पोक्सो कायद्याखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंदींत दरवर्षी ९० टक्क्यांच्या वर असतं. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर. आठ वर्षांची मुलगी मोठ्या काकाला लाथेनं पाडू शकत नाही, आणि तो काका आहे म्हणून ती लाथ उचलणारही नाही. तिला शिकवायचं ते ‘नको’ म्हणणं, तिथून निघणं, घरी सांगणं. कॅनडातल्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलींसाठी बारा तासांचा एक अभ्यासक्रम तयार झाला. तो केलेल्या मुलींवर वर्षभरात बलात्कार होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या बारा तासांत प्रत्यक्ष प्रतिकाराचे डाव थोडाच वेळ होते. धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला नकार देताना वाटणारा संकोच मोडणं, यावर मोठा भर होता. आपल्याकडे समग्र शिक्षा अभियानात मुलींचं आत्मरक्षा प्रशिक्षण सहावीपासून सुरू होतं, हे वय योग्य आहे. शिकवताना ठोशांइतकाच वेळ धोका ओळखायला आणि नकार द्यायला शिकवण्याला मिळतो का, हे शाळांनी तपासावं.

फी भरण्याआधी एक पूर्ण तास वर्गाच्या कडेला बसा. लहान-मोठ्यांचे गट वेगळे आहेत का, खाली मॅट आहे की नुसती फरशी, पहिल्या महिन्यात पडायला शिकवतात का, मूल रडलं तर सर काय करतात, हे बघा. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ थांबवतात का, असं स्पष्ट विचारा. पालकांना बसून बघू देत नसतील तर दुसरा वर्ग शोधा.