कानशीची सही

अमेरिकेतल्या टल्सा शहरात एक्स्पो स्क्वेअरवर वर्षातून दोनदा, एप्रिल आणि नोव्हेंबरात, बंदुकांचा बाजार भरतो. जत्राच म्हणा. एका छताखाली अकरा एकर जागा आणि चार हजारांवर टेबलं. डॅलसहून गाडीने चार-साडेचार तास लागतात. माझ्या मशीन शॉपमधला एक सहकारी न चुकता जातो. गेल्या नोव्हेंबरात तो म्हणाला, "चल, तुला फायलिंग दाखवतो." मला बंदुकांचं वेड नाही, आजवर कधी विकत घ्यावीशीही वाटली नाही. पण मी मूळचा फिटर. औंधच्या आयटीआयमध्ये दोन वर्षं, मग भोसरीत टूलरूम, आणि आता इथे डॅलसमध्ये सीएनसी या संगणकी यंत्रावर. फायलिंग म्हणजे कानशीचं काम; त्या एका शब्दापायी मी गेलो.

दारात प्रत्येकाच्या हातातलं हत्यार उघडून, रिकामं आहे हे पाहून त्यातून प्लास्टिकचा पट्टा ओवतात. तो आत कापायचा नाही. आपल्याकडे भारतात शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर एका माणसाला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. इथे लोक जुन्या बाजारात पितळी भांडी मांडावीत तशी टेबलं मांडून बसलेले. प्रत्येकाचा छंद वेगळा. एकाकडे फक्त विंचेस्टर रायफली, एकाकडे फक्त लुगर पिस्तुलं, एकाकडे नुसत्या संगिनी. एक म्हातारबाबा तर काडतुसांचे रिकामे खोके घेऊन बसले होते आणि त्यांच्यापुढेच सगळ्यात जास्त गर्दी होती.

आम्हाला हवं होतं ते टेबल मागच्या भिंतीलगत होतं. हिरव्या कापडावर दोनच पिस्तुलं आणि पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेली पाटी : 'विक्रीसाठी नाही.' दोन्ही एकाच घराण्यातली, १९११ मॉडेल, .४५ बोअर. एक युद्धातलं, करड्या रंगाचं, रेमिंग्टन रँडचं. दुसरं गडद निळं-काळं. मालक सत्तरीपुढचे, कानात यंत्र. सहकाऱ्याने माझी ओळख करून दिली, "हा फायलिंग करायचा." म्हाताऱ्याने माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "इथे पट्टा आहे, नीट दिसणार नाही. संध्याकाळी मोटेलवर या."

मोटेलच्या खोलीत आणखी तिघे जमले होते. पलंगावर पांढरा टॉवेल अंथरलेला, शेजारी तेलाची बाटली आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. म्हाताऱ्याने निळं पिस्तूल उचललं, मॅगझिन काढलं, स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून अडकवली, चेंबरमध्ये स्वतः डोकावले, मला डोकावायला लावलं आणि मग मूठ माझ्याकडे करून दिलं. सूचना दोनच : बोट चापावर नको, आणि स्लाईड रिकाम्यावर धाडकन सोडायची नाही, हाताने धरून पुढे न्यायची. घोडा ज्या धारेवर अडकून राहतो ती धार केसाएवढी घासून चाप हलका केलेला असतो. रिकामी स्लाईड आपटत राहिली की ती धार मार खाते आणि कारागिराची मेहनत वाया जाते.

पिस्तूल हातात घेतल्यावर काय बघायचं ते कळायला आधी साधं १९११ कसं असतं ते माहीत हवं. जॉन ब्राउनिंगने ते घडवलं, अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या होत्या. फार तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुढे सुरू. एकदाही अडकलं नाही. नळी पाच इंच, वजन सव्वा किलोच्या आत. त्यातली खुबी सैलपणात आहे. स्लाईड आणि फ्रेम, म्हणजे खालचा सांगाडा, यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, म्हणजे चिखल, वाळू, काजळी काहीही गेलं तरी चालत राहावं. आणि दुसरी अट अशी की एकाचा भाग दुसऱ्याला बसलाच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुलं कोल्ट कंपनीबरोबर टाईपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने केली, रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीने केली, आपल्या आजीच्या शिलाई मशीनवाल्या सिंगरने केली. सिंगरची तर फक्त पाचशेच निघाली, म्हणून आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात.

म्हाताऱ्याने रेमिंग्टन रँड माझ्या कानाशी नेऊन हलवलं. खुळखुळ्यासारखं वाजलं. "हा दोष नाही," ते म्हणाले, "हे डिझाईन आहे."

पण पन्नास यार्डांवरच्या कागदी लक्ष्याला चिखलाचं काय? युद्धानंतर नेमबाजी स्पर्धांतल्या लोकांना हा खुळखुळाट नको होता. त्यातून पिस्तूल 'बसवून' देणारे कारागीर पुढे आले. लुइझियानाचा जिम क्लार्क हा त्यांतला एक. तो स्वतः १९५८ साली राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा जिंकला होता. कॅलिफोर्नियात गार्डेनाला आर्मंड स्वेन्सन होता. चापाभोवतीची गोल कडी पुढून चौकोनी करायची, सेफ्टीचा खटका दोन्ही बाजूंनी चालेल असा लावायचा, ही त्याच्या कामाची ओळख. गिऱ्हाईक दुकानातून नवं कोल्ट आणून देई आणि महिनोन्महिने वाट बघे.

टॉवेलवरचं निळं पिस्तूल त्याच काळातलं. नंबरच्या शेवटी इंग्रजी 'सी' अक्षर, म्हणजे १९५० ते १९७० मधलं नागरी कोल्ट. पण ज्याने ते पुढे घडवलं त्याचा शिक्का कुठेही नाही. मालकांनी ते एका वृद्ध नेमबाजाच्या घरातून घेतलं. सोबत ना पावती, ना चिठ्ठी.

म्हाताऱ्याने ते उघडलं. नळीच्या तोंडाशी जे बुशिंग असतं ते साध्या पिस्तुलात बोटाने फिरतं. इथे पान्याने फिरवावं लागलं. स्प्रिंग आणि नळी बाजूला ठेवून त्यांनी नुसती स्लाईड पुन्हा फ्रेमवर चढवली आणि माझ्या हातात दिली. मी पुढे झुकवलं, स्लाईड आपल्या वजनाने पुढे सरकली. मागे झुकवलं, मागे आली. आवाज नाही, अडखळ नाही. मग अंगठा आणि तर्जनीत धरून आडवी हलवायला गेलो. हलेना.

हे कसं होतं ते मला ठाऊक होतं, कारण औंधला आम्ही याचंच बाळबोध रूप केलं होतं. फ्रेमवरच्या कडा हातोडीने हलके ठोकून बसवायच्या, स्लाईड व्हाईसमध्ये आवळून किंचित आत घ्यायची, म्हणजे ती आता बसतच नाही. मग धातूवर खुणेचा निळा रंग लावायचा, जिथे तो उडेल तिथेच कानस. पुन्हा निळं, पुन्हा कानस. शेवटी तेलात कालवलेली बारीक पूड लावून हाताने मागे-पुढे, मागे-पुढे, ती सुटेपर्यंत. एक झटका जास्त बसला की पुन्हा ठोकण्यापासून सुरुवात. आयटीआयत आम्हाला चौकोनी भोकात चौकोनी तुकडा बसवायचा जॉब असे. निदेशक तो खिडकीसमोर धरत आणि कडेने उजेड दिसला की काही न बोलता भंगाराच्या डब्यात टाकत. माझे असे चार गेले.

मी सहज म्हणालो, "ही स्लाईड त्या रेमिंग्टनवर चढवून बघू?" म्हाताऱ्याने टॉवेल स्वतःकडे ओढला. ते बरोबरच होतं. ज्याचा कुठलाही भाग कुठेही बसावा अशी अटच होती, त्या पिस्तुलाच्या या दोन तुकड्यांना एकमेकांशिवाय आता कोणी उरलेलं नाही.

मग मी किल्ल्यांच्या जुडग्यातलं दहापट भिंग काढून मुठीची पुढची बाजू बघायला घेतली. हात घसरू नये म्हणून तिथे उभ्याआडव्या रेघा कापून बारीक टोकदार दाणे काढलेले असतात. त्याला चेकरिंग म्हणतात. मी पट्टी लावून मोजलं : अर्ध्या इंचात पंधरा ओळी, म्हणजे इंचाला तीस. दोन ओळींतलं अंतर एक मिलिमीटरहून कमी. आणि हे सपाट जागेवर नाही, बोटांना वळेल अशा गोलाईवर.

कापायची रीत अशी. दात ओळीने असलेली खास कानस मिळते. तिचे काही दात आधीच्या ओळींत चालवायचे आणि पुढच्याने नवी ओळ उमटवायची. आधी उभ्या ओळी, गोलाईभोवती कानस हळूहळू कलती करत. मग आडव्या. दाण्याला टोक येईपर्यंत शेवटचा हात त्रिकोणी कानशीचा. कमी कापलं तर दाण्याचा माथा सपाट राहतो, जास्त कापलं तर धातू पातळ होतो आणि तो परत येत नाही. सगळ्यात अवघड जागा वर, चापाच्या कडीखाली. तिथे कानशीला पुढे जायला वाटच नाही. अर्धा सेंटीमीटर जेमतेम हलवत काम उरकावं लागतं.

तिथेच मला ते सापडलं. कडीखालून तिसरी आडवी ओळ डावीकडे जराशी खाली उतरली होती. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही एवढी. त्यामुळे तिच्याखालचे चार-पाच दाणे बारीक झाले होते. पण चौथी ओळ सरळ नव्हती. तीही उतरली होती, फक्त थोडी कमी. पाचवी आणखी कमी. सहावी पुन्हा रुळावर. आमचे निदेशक म्हणायचे, "चूक लपवू नकोस, ती वाटून टाक." पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुठल्याशा बाकावर कोणीतरी अगदी तेच केलं होतं. माझं सीएनसी अशी चूक करणार नाही, आणि केलीच तर सगळी पट्टी त्याच चुकीने भरून काढेल.

मी भिंग म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "वीस वर्षं माझ्याकडे आहे," एवढंच म्हणाले.

आता खोलीत वाद सुरू झाला. जमलेल्यांपैकी एक गृहस्थ फक्त न हात लावलेली कोल्ट जमवतात. कारखान्यातला मूळ रंग, मूळ खोका, मूळ पत्रक. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "एक चांगली कोल्ट मारली या माणसाने." मूळ रंग गेला, वरची मूळ साईट कापून दुसरी बसवली, कोल्टचं म्हणून राहिला तो नंबर. म्हातारे म्हणाले, "कोल्टने अशा ढिगाने काढल्या. ही एकच आहे." तिसऱ्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं : शिक्का नाही, कागद नाही, तर ही ना धड कोल्ट, ना धड कोणाची कारागिरी. लिलावात नाव विकलं जातं, हात नाही.

मला विचारलं, "तुला काय वाटतं, कोणाचं काम?" नाव मी सांगू शकत नव्हतो आणि अंदाज ठोकणं बरं नव्हतं. स्वेन्सनची चौकोनी कडी इथे नाही, एवढं त्यांनाही दिसत होतं. पण मूळपणाच्या वादात माझं मत कारागिराच्या बाजूने पडलं. ते कोल्ट कारागिराकडे आलं तेव्हा दुर्मिळ नव्हतं, दुकानातला माल होता. ते कामासाठी घेतलं आणि कामासाठी घासलं. एखादी जुनी वस्तू शोभेसाठी खरवडणं वेगळं आणि नवी वस्तू वापरासाठी सुधारणं वेगळं. आज तिचं वय झालं म्हणून त्या हाताला गुन्हेगार ठरवता येत नाही.

निघताना म्हाताऱ्याने तेलाची चिंधी फिरवून माझ्या बोटांचे ठसे पुसले. घामाने रात्रीत गंज धरतो. मग पिस्तूल पेटीत ठेवलं आणि मला वाटेत खायला संत्रं दिलं.

सोमवारी शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी माइल्ड स्टीलची एक सपाट पट्टी व्हाईसला लावली आणि त्रिकोणी कानस घेतली. एका इंचात तीस ओळी, फक्त उभ्या. गोलाई नाही, कडी नाही, घाई नाही. चार सुट्ट्या लागल्या. अठ्ठाविसाव्या ओळीला हात घसरला. चूक वाटून टाकायला पुढे दोनच ओळी उरल्या होत्या.