टायमिंग चेनचं बिल कसं वाचावं

‘टायमिंग चेनचं काम निघालंय’ असं गॅरेजवाला म्हणाला की गाडीमालकाच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो : किती? उत्तरं मात्र चार मिळतात. उल्हासनगरच्या कॅम्पात एक आकडा, अंबरनाथला दुसरा, बदलापूरला तिसरा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चौथा. त्यातला सगळ्यात कमी आकडा आणि सगळ्यात जास्त आकडा यांत दुपटीचा फरकही असू शकतो. अशा वेळी कोणीतरी लुबाडतंय असं वाटणं साहजिक आहे. पण पुष्कळदा चौघंही खरं बोलत असतात. फक्त चौघं वेगवेगळ्या कामाचा भाव सांगत असतात. कोण कुठल्या कामाचा भाव सांगतोय हे ओळखायचं तर आधी ही चेन काय करते, ती का झिजते आणि तिच्यापर्यंत हात पोचायला काय काय खोलावं लागतं, हे माहीत हवं.

चेन काय करते

इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्याला पिस्टन जोडलेले असतात. वर हेडमध्ये कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. पिस्टनच्या चार फेऱ्यांत, म्हणजे हवा आत घेणं, दाबणं, स्फोट आणि धूर बाहेर टाकणं यांत, क्रँक दोनदा फिरतो आणि कॅम एकदाच. हे दोनास एक प्रमाण राखण्याचं काम टायमिंग चेन करते. म्हणूनच कॅमच्या स्प्रॉकेटला क्रँकच्या स्प्रॉकेटपेक्षा दुप्पट दात असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तेव्हा कॅम १५०० फेऱ्या मारतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो.

आजच्या बहुतेक इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात. येत नाहीत ते केवळ दोघांच्या वेळा वेगळ्या असतात म्हणून. चेनने दात सोडले किंवा ती तुटली की वेळा चुकतात, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. सगळी महागाई या एका धडकेत आहे.

आधी एवढं विचारा : पट्टा की चेन?

काही इंजिनांत हेच काम रबरी पट्टा करतो. जुनी मारुती ८००, इंडिकाचं १.४ डिझेल, डस्टरचं १.५ डिझेल ही पट्ट्याची इंजिनं. पट्टा कोरडा चालतो आणि ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो; तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं किंवा ह्युंदाईचं १.२ कप्पा यांत चेन आहे. चेन इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये न्हात चालते. तिला ठरलेली मुदत नसते, म्हणून ‘चेनवाली गाडी आहे, बघावं लागत नाही’ असं विकणारा सांगतो. पुस्तिकेत मुदत नाही हे खरं; पण तो भरवसा ऑइल वेळेवर बदललं जाईल या अटीवर दिलेला असतो, आणि अट सांगायची राहून जाते.

आपल्या पट्ट्यात, म्हणजे एमएच ०५ पाटीच्या गाड्यांत, चेनच्या कामाचं ओळखीचं उदाहरण म्हणजे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. इंजिन मूळचं फियाटचं. भारतात ते मारुतीने मानेसरला बांधलं आणि फियाट-टाटांच्या पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यातही बांधलं गेलं. जानेवारी २००७ मध्ये स्विफ्ट डीडीआयएस आली. मग डिझायर, अर्टिगा, ब्रेझा, तिकडे इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया. झाकणावरचं नाव कधी डीडीआयएस, कधी क्वाड्राजेट, पण आत इंजिन एकच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे मारुतीकडची या इंजिनाची सगळ्यात नवी गाडीही आता जुनी आहे, आणि चेनचं काम निघायचं वय तेच.

चेन ‘वाढते’ म्हणजे काय

गॅरेजात म्हणतात, चेन वाढली. लोखंड ताणून लांब झालेलं नसतं. सायकलच्या चेनसारखीच हिलाही कडीकडीला पिन असते. पिन आणि तिचं भोक दोन्ही घासतात आणि प्रत्येक जोडात केसाएवढी फट पडते. शंभर जोड धरले आणि प्रत्येकात एक शतांश मिलिमीटर फट, तरी सगळी मिळून चेन एक मिलिमीटरने लांब होते. तेवढ्याने कॅम क्रँकच्या मागे पडायला लागतो.

सैल पडलेली बाजू दाबून धरायला टेन्शनर असतो. तो ऑइलच्या दाबाने बाहेर सरकतो आणि गाइडची पट्टी चेनवर दाबतो. इथेच ऑइलचा दुहेरी संबंध येतो : ऑइल पिनांची झीज थांबवतं आणि टेन्शनरला जोरही देतं. ऑइल कमी झालं, पातळ झालं किंवा काजळीने काळंकुट्ट झालं की दोन्ही कामं एकदम बिघडतात. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी असतेच. ती पिनांमध्ये पॉलिशपेपरचं काम करते.

आता आपल्याकडची गाडी कशी चालते ते बघा. सकाळी कात्रपहून बदलापूर स्टेशन, गाडी उभी, संध्याकाळी परत. इंजिन नीट गरम होण्याआधीच बंद. रविवारी काटई रस्त्याने निघालो तर नेवाळी नाक्यावर पहिल्या गिअरमध्ये सरकत राहायचं. किलोमीटर फिरत नाहीत, पण इंजिन फिरत असतं. सरासरी वेग ताशी ५० असेल तर १०,००० किलोमीटरला इंजिन २०० तास चालतं. सरासरी १५ वर आली तर त्याच १०,००० किलोमीटरला ६६० हून जास्त तास. ऑइलने तिप्पट तास काम केलेलं असतं आणि आपण मात्र स्टिकरवरचा किलोमीटरचा आकडा यायची वाट बघतो. म्हणून ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ यातला ‘किंवा’ आपल्यासाठी आहे. कोंडीत अडकणाऱ्या डिझेलला साडेसात हजारांवर ऑइल बदललं तर वाया जात नाही.

पावसाळ्याचं वेगळं. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं. बुडालेल्या गाडीची डिपस्टिक आधी काढून बघा. ऑइल दुधी दिसलं तर चावी फिरवायचीच नाही. गाडी ओढून न्यायची. पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर चेनच काय, बेअरिंगही जातात.

कान काय सांगतो

पहिली खूण सकाळी मिळते. रात्रभर उभी गाडी सुरू केली की पुढच्या बाजूने, पुलीच्या कडेने, दोन-तीन सेकंद खडखड होते आणि मग आवाज विरतो. रात्री टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं. दाब येईपर्यंत चेन गाइडवर आपटते. हा आवाज दोन-तीन सेकंदांचा पाच-सहा सेकंदांवर गेला किंवा गरम इंजिनातही येऊ लागला, तर आता थांबण्यात अर्थ नाही. पुढे पिकअप मंदावतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर पी००१६ हा कोड आला तर क्रँक आणि कॅमच्या वेळा जुळत नाहीत असा त्याचा अर्थ. पण कोड सेन्सरमुळे किंवा वायरिंगमुळेही येतो. नुसत्या कोडवर चेन बदलायला ‘हो’ म्हणू नये. आवाज, कोड आणि ऑइलचा दाब तिन्ही बघायला सांगावं. कधी आवाज चेनचा नसून अल्टरनेटरच्या पुलीचा किंवा बाहेरच्या पट्ट्याच्या टेन्शनरचा निघतो. बाहेरचा पट्टा काढून इंजिन क्षणभर सुरू केलं की ते लगेच कळतं.

काम कसं चालतं

गाडी वर घेतली जाते, उजवं चाक आणि आतलं प्लॅस्टिक निघतं. बाहेरचा पट्टा, क्रँकची पुली, इंजिनाचं एक माउंटिंग निघतं, म्हणून खालून जॅकचा टेकू लागतो. ऑइल काढून खालचं चेंबर उतरवतात. मग पुढचं टायमिंग कव्हर सुटतं आणि तेव्हा कुठे चेन दिसते. इथवर पोचण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. नवी चेन चढवण्याचं काम त्यामानाने थोडं.

जुनी चेन निघाली की टेबलावर नव्या चेनशेजारी ठेवायला सांगा. दोन्ही आडव्या, कडेवर धरल्या की नवी जवळजवळ सरळ राहते आणि झिजलेली धनुष्यासारखी लवते. मग स्प्रॉकेटचे दात बघा : एका अंगाला झुकलेले, हुकासारखे टोकदार झाले असतील तर तेही बदलायचे. गाइडच्या पट्टीवर चेनने खोल चर पाडलेत का तेही दिसेल. हे बघायला पाच मिनिटं लागतात आणि बिलातली निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

चढवताना क्रँक आणि कॅम जागच्या जागी अडकवायला लॉकिंग टूल असतं. काही ठिकाणी त्याऐवजी व्हाइटनरने खुणा करून काम उरकतात. पण जुन्या, वाढलेल्या चेनवर केलेली खूण मुळातच थोडी चुकीच्या जागी असते. तेव्हा ‘या इंजिनाचं टायमिंग टूल आहे का?’ हा पहिला प्रश्न. शेवटी स्टार्टर न मारता, पान्याने हाताने क्रँकला पूर्ण दोन फेऱ्या द्यायच्या. कुठे अडलं नाही आणि टूल पुन्हा बिनचूक बसलं, तर टायमिंग बरोबर.

आणखी एक बारीक जागा आहे. चेंबर आणि कव्हर बसवताना सीलंट लावतात. ते जाड थापलं तर आत पिळून निघतं, सुकतं, त्याचा तुकडा सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. नव्या चेनला ऑइल मिळत नाही ते असं. चेंबर खाली असतानाच ती जाळी धुऊन घ्यायला सांगायची. तिला वेगळी मजुरी लागत नाही.

आता बिल

हिशेब समजावा म्हणून एक उदाहरण धरू. हे आकडे दुकानातले भाव नव्हेत, बिलाचा आकार कळावा म्हणून घेतलेले आहेत. पूर्ण किट, म्हणजे चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड आणि स्प्रॉकेट : ७,००० रुपये. सील, पॅकिंग, सीलंट : १,५००. ऑइल, फिल्टर, कुलंट : ३,०००. मजुरी : ६,५००. एकूण १८,०००. यात नुसती चेन दीड-दोन हजारांची धरा. म्हणजे ज्या वस्तूच्या नावाने काम निघालं तिचा वाटा रुपयातल्या आठ ते अकरा पैशांचा; उरलेलं सगळं तिच्यापर्यंत जाण्याचं आणि परत बंद करण्याचं.

आता स्वस्त कोटेशन कसं तयार होतं बघा. स्प्रॉकेट आणि गाइड वगळले की तीन-चार हजार कमी. ऑइल जुनंच परत ओतलं की आणखी कमी. किट ओरिजिनलऐवजी लोकल घेतलं की आणखी. आकडा १० हजारांवर येतो आणि आपल्याला वाटतं, आठ हजार वाचले. पण झिजलेल्या दातांवर बसवलेली नवी चेन लवकर झिजते, आणि वर्ष-दीड वर्षाने तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

उलट बाजूही आहे. चेन बदलायची म्हणून ‘हेडही उतरवू’ असं कोणी म्हणालं, तर कारण विचारायचं. चेन तुटलेली नसेल, कॉम्प्रेशन ठीक असेल, तर हेडला हात लावायची गरज नसते. चेन तुटली असेल तर गोष्ट निराळी. मल्टिजेटमध्ये कधी रॉकर तुटून व्हॉल्व्ह वाचतात; नाहीतर व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, हेडचे बोल्ट, लेथवरचं फेसिंग अशा ओळी बिलावर चढत जातात आणि पहिल्या बिलाच्या तिप्पट रक्कम सहज होते.

सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के आहे. भाव सांगताना कर धरून की कर सोडून, हे विचारून घ्यावं. १८ हजारांवर ३,२४० रुपयांचा फरक त्यातच पडतो. पक्कं बिल घेतलं तर किटची वॉरंटी मागता येते आणि वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर दाखवायला कागद राहतो.

जुन्या पार्टसाठी कुर्ल्याचा बाजार पुष्कळांना ठाऊक आहे. तिथून दरवाजा आणा, आरसा आणा. चेन आणि टेन्शनर मात्र कधीही जुने घेऊ नयेत. अख्खं जुनं इंजिन बसवायचा सल्ला कोणी दिला, तर इंजिन नंबर बदलतो आणि त्याची नोंद कल्याण आरटीओत आरसीवर करून घ्यावी लागते, हे लक्षात ठेवावं.

करावं की गाडी काढावी?

पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आलेली डिझेल गाडी असेल तर नोंदणी पुढे वाढवायचा खर्च, तपासणी, टायर, इन्शुरन्स हे सगळं एका कागदावर मांडा आणि चेनचा खर्च त्यात घाला. गाडी आणखी तीन वर्षं वापरायची असेल तर १८ हजार म्हणजे महिन्याला ५०० रुपये, करून टाकावं. सहा महिन्यांत विकायची असेल तर घेणाऱ्याला आवाज ऐकवून किंमत कमी करून द्यावी, ते सरळ. खडखड लपवायला जाड ऑइल ओतून गाडी गळ्यात मारणं हा तिसरा मार्ग बाजारात चालतो. म्हणून जुनी गाडी घ्यायला जाताना ती थंड असतानाच, आपल्यासमोर सुरू करायला सांगावी. बॉनेटला हात लावून बघावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावं.