पक्षादेश आणि विवेकबुद्धी

सार्वजनिक जीवनात श्रद्धावंताने कोणाचे ऐकावे, पक्षाचे की विवेकबुद्धीचे? ब्रिटनचे कॅथोलिक संसदपटू डेव्हिड ऑल्टन ह्यांच्या वाटचालीत ह्या प्रश्नाचे एक उत्तर आम्हांस सापडते.

ऑल्टन ह्यांचा जन्म १९५१ साली लंडन येथे एका कामगार कुटुंबात झाला; आई आयरिश. विद्यार्थीदशेतच, १९७२ साली, ते लिव्हरपूलच्या नगरपरिषदेवर निवडून आले. २९ मार्च १९७९ रोजी, वयाच्या २८व्या वर्षी, पोटनिवडणूक जिंकून ते लिबरल पक्षाचे खासदार झाले.

१९८७ साली त्यांनी गर्भपाताची कायदेशीर मुदत २८ आठवड्यांवरून १८ आठवड्यांवर आणणारे खासगी विधेयक मांडले. जानेवारी १९८८मध्ये दुसऱ्या वाचनास २९६ विरुद्ध २५१ मतांनी मंजुरी मिळाली. परंतु खासगी विधेयकांच्या वाट्याला मोजकेच शुक्रवार येतात. विरोधकांनी चर्चा लांबवली, वेळ संपला आणि अंतिम मतदानाविनाच विधेयक बारगळले. तरीही विषय मिटला नाही; १९९० साली संसदेने सर्वसाधारण मुदत २४ आठवड्यांवर आणली.

१९९२ साली पक्षाने गर्भपाताविषयी घेतलेली भूमिका त्यांना मान्य झाली नाही. पक्षातर्फे पुन्हा उभे न राहण्याचे त्यांनी जाहीर केले. १९९७ साली कॉमन्स सभागृह सोडून ते अपक्ष म्हणून लॉर्ड्स सभागृहात गेले. तेथे उइगूर मुस्लिमांसाठीही त्यांनी आवाज उठवला; मार्च २०२१मध्ये चीनने त्यांच्यावर निर्बंध लादले.

गर्भातील बालक असो वा परधर्मीय बंदिवान, मानवी प्रतिष्ठा एकच आहे. ती जपताना पद गमवावे लागले तरी साक्ष वाया जात नाही, असे आम्हांस वाटते.