वस्तीवरचा राखणदार आणि त्याचा खर्च



परवा मोहोळ तालुक्यातील एका वस्तीवर ज्वारीच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक संपवून चहाला बसलो होतो. दारात एक तांबडा कुत्रा बांधला होता. कान खाजवून खाजवून त्याने रक्त काढले होते आणि मानेवर गोचिडांचा थर होता. घरधन्याला म्हटले, "दवाखान्यात का नेत नाही?" तो हसून म्हणाला, "साहेब, माणसाच्याच औषधाला पैसा पुरंना. कुत्र्यावर कुठं घालवता? चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!"

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. शहरातल्या कुत्र्याला मिळणारे डबाबंद खाणे, साबण आणि पट्टे तुमच्या-माझ्या आवाक्यातले नाहीत आणि त्यांची गरजही नाही. परंतु कोणता खर्च टाळायचा आणि कोणता टाळला तर अंगाशी येतो, हे मात्र प्रत्येक घराला माहीत हवे. माझे शिक्षण शेतीचे, मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय लिहायला घेतला, कारण हा धडा आमच्या घराने फार महागात घेतला आहे.

मोत्याची गोष्ट

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माढा तालुक्यात आमच्या वस्तीवर मोत्या नावाचा कुत्रा होता. पहिल्या वर्षी त्याला पिसाळण्याविरुद्धची लस टोचली होती. दुसऱ्या वर्षी मी बदलीच्या गावी, भाऊ कांद्याच्या लागवडीत. "घरचाच कुत्रा आहे, कुठं जातोय?" असे म्हणून लस राहिली. दुसऱ्यांना सांगत हिंडणारा मी, माझ्याच घरी विचारायला विसरलो.

रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत मोत्या गप्प गप्प राहू लागला. तोंड उघडे, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. भावाला वाटले, घशात हाड अडकले. त्याने तोंडात हात घालून चाचपले. आईने चमच्याने पाणी पाजले. पोरांनी कुरवाळले. तिसऱ्या दिवशी मोत्या साखळी तोडून पळाला, शेजाऱ्याच्या कालवडीला चावला आणि ओढ्याकाठी मरून पडला.

लक्षात ठेवा, पिसाळलेला कुत्रा दर वेळी अंगावर धावून येतोच असे नाही. कित्येकदा त्याचा जबडा लुळा पडतो आणि घशात काही अडकल्यासारखा तो दिसतो. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. रोगाचे विषाणू लाळेत असतात आणि हातावरच्या भेगेतून, ओरखड्यातून ते शरीरात शिरतात.

आमच्या घरातील सहा माणसांनी लस घेतली. सरकारी रुग्णालयात ती फुकट मिळाली, पण प्रत्येकाच्या चार फेऱ्या म्हणजे चोवीस फेऱ्या झाल्या. एस.टी.चे भाडे गेले, मजुरी बुडाली आणि पेरणीची ओल हातची गेली. भावाच्या हाताला भेगा होत्या, म्हणून त्याला वेगळे इंजेक्शनही द्यावे लागले. दीड महिन्याने शेजाऱ्याची कालवड पिसाळून मेली आणि तिची भरपाई आम्ही केली. माणसे वाचली हे नशीब. पण ते सव्वा-दीड महिने आई रात्रीची उठून पोरांच्या तोंडाकडे बघत बसायची, त्याचा हिशोब कुठल्या वहीत मांडायचा? आणि वाचवले किती होते? चार माणसांच्या चहा-नाश्त्याला लागतात तेवढे पैसे!

न टाळण्याचा खर्च

पहिला खर्च या लसीचा. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली लस द्यावी. पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा आणि त्यानंतर दर वर्षी. मांजरालाही ही लस लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तालुक्याच्या चिकित्सालयात आधी चौकशी करा. सरकारी दवाखान्यात शुल्क नाममात्र असते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी कुत्रा चावलेल्या एका मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली आणि २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. या दोन्ही तारखांच्या सुमारास ठिकठिकाणी फुकट लसीकरणाची शिबिरे भरतात. गावातील दहा-वीस कुत्री एकाच दिवशी नेली किंवा डॉक्टरांना गावात बोलावले, तर गाडीभाडेही वाटून जाते.

कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका. मंत्र-गंडा नको. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. "दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, मग बघू" असे म्हणून थांबू नका. लक्ष ठेवायचेच, पण पहिली मात्रा घेऊन. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने अजूनही काही म्हातारी माणसे दवाखाना टाळतात. त्या जुन्या लसीचे उत्पादन आपल्या देशात डिसेंबर २००४ मध्येच थांबले. आता लस दंडावर देतात. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही, म्हणून सारे काही आधीच करायचे असते.

दुसरा खर्च जंताच्या औषधाचा. लहान पिल्लांना दर पंधरवड्याला, तीन महिन्यांनंतर साधारण दर तिमाहीला. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच द्यावी. बकरे कापल्यावर त्याचे फुप्फुस, काळीज कच्चेच कुत्र्यापुढे टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. धनगर बांधवांच्या वाड्यांवर तर ती सर्रास दिसते. त्यातील गाठींतून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी होतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात पाण्याने भरलेली गाठ वाढते आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते. तेव्हा द्यायचेच तर चांगले शिजवून द्या, नाहीतर खोल पुरा.

टाळता येणारा खर्च

मुळात कुत्रा निवडतानाच निम्मा खर्च वाचतो. हौसेने दाट केसांचा विलायती कुत्रा आणला, तर सोलापूरच्या चैत्र-वैशाखात, जेथे पारा चाळिशी ओलांडतो, त्याचे हाल होतात आणि तुमचा खिसा रिकामा होतो. आपला गावठी कुत्रा उन्हाला सरावलेला आहे. धनगरांकडील शिडशिडीत शिकारी कुत्रीही याच मुलखातली. शेजारच्या मुधोळच्या कुत्र्यावर तर भारत सरकारने २००५ साली टपाल तिकीट काढले. राखण करायला एवढे पुरेसे आहे. आणि एक नीट पाळा. चार पाळून चौघांनाही उपाशी ठेवण्यात शहाणपण नाही.

खाण्याला वेगळा पैसा लागत नाही. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला अडीच-तीन ज्वारीच्या भाकऱ्या, त्यावर फोडणी घालण्यापूर्वी बाजूला काढलेले तुरीचे वरण, आणि घरी कोंबड्या असतील तर आठवड्यातून दोन-तीन उकडलेली अंडी पुरतात. नुसत्या ताक-भाकरीवर ठेवलेला कुत्रा जगतो, पण त्याची कातडी निस्तेज होते. कांदा, लसूण, तिखट कालवण देऊ नका. शिजवलेली कोंबडीची हाडे चिरफळतात आणि आतड्याला टोचतात. पंढरपूर-बार्शीकडच्या बागायतदारांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, त्याने मूत्रपिंड निकामी होते. बेदाण्याच्या शेडकडे कुत्र्याला मोकळे सोडू नका.

मांजराचे तंत्र वेगळे आहे. ते मांसाहारी जनावर. दूध-भाकरीवर त्याचे भागत नाही. उलट पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधाने हगवण लागते. थोडे अंडे, मासळी किंवा मटणाचे शिजवलेले तुकडे द्यावेत. पाच-सहा क्विंटल ज्वारीच्या कोठीभोवती फिरणारे एक मांजर किती धान्य राखते, हे घरच्या बाईला विचारा.

येथे शेतीखात्याचा माणूस म्हणून एक ताकीद देतो. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष घालता तेव्हा ते बिळात खोल घालून बीळ बुजवा आणि मेलेले उंदीर पुरून टाका. नाहीतर उंदराआधी कुत्रा-मांजर जायचे. तसेच गोचिडांसाठी पिकावरचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर ओतू नका. अशा 'स्वस्त' उपायाने तोंडाला फेस येऊन मेलेली कुत्री मी पाहिली आहेत. सुरुवातीला गोचीड चिमट्याने मुळापासून उपटा, साबणाच्या पाण्यात टाका, बांधायची जागा रोज झाडा, भिंतीच्या भेगा लिंपा. तरीही कमी न झाल्यास डॉक्टरांनी दिलेलेच औषध वापरा. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका. माणसाच्या तापाची गोळीही देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर दगावू शकते.

मोठी बचत नसबंदीत आहे. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि नऊ आठवड्यांनी विते. एका वेळी चार-सहा पिल्ले. मग ती पोत्यात घालून एस.टी. स्टँडवर सोडायची, हे आपल्याला शोभते का? तीच पिल्ले उद्या बिनलशीची भटकी कुत्री होतात आणि आपल्याच शाळेत जाणाऱ्या पोरांच्या मागे लागतात. शस्त्रक्रियेची सोय कोठे आहे ते तालुक्याच्या चिकित्सालयात विचारा. तो खर्च आयुष्यात एकदाच.

राखणदाराचीही राखण करावी लागते. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने तीन माणसांचा बळी घेतला. ऊसपट्ट्यात बिबट्या वस्तीजवळ येतो तो पुष्कळदा कुत्र्याच्या वासावर. रात्री कुत्रा अंगणात उघड्यावर बांधून ठेवू नका. त्याला आडोसा द्या, दार लावा.

रोजचे दोन रुपये

आता हिशोब करा. चहाच्या डब्याशेजारी एक रिकामा डबा ठेवा आणि त्यात रोज दोन रुपये टाका. वर्षाचे सातशे तीस होतात. कुत्र्याची लस आणि जंताच्या गोळ्या यांसाठी तेवढे साधारणपणे पुरतात. हे काम घरातल्या शाळकरी पोराकडे द्या. लसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या. आपण बेंदूर-पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतो, त्याच दिवशी कुत्र्या-मांजराच्या लसीची तारीखही एकदा बघत चला.

मोत्या गेल्यावर आई म्हणाली होती, "आता या दारात कुत्रं नको." दोन वर्षांनी भावाने ओढ्याकाठून एक पिल्लू उचलून आणले. आई दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी तिने भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकला आणि भावाला म्हणाली, "राहू दे. पण सुई टोचल्याचा कागद माझ्या हातात पाहिजे."

तो कागद आमच्या घरी आजही रेशनकार्डाच्या पिशवीत असतो. तुमच्या घरी तो कुठे आहे, तेवढे आज उठून बघा.