देहाच्या दिशा : विष ‘वर चढतं’ म्हणजे कुठे?

धानाची रोवणी सुरू झाली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या दवाखान्यांत साप चावलेली माणसं येऊ लागतात. सोबतच्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ‘‘डॉक्टर, विष कुठवर चढलं?’’ मागच्या आठवड्यात आपण डावं-उजवं पाहिलं. आज ‘वर’ची पाळी आहे, आणि ती समजायला या प्रश्नाइतकं चांगलं निमित्त नाही.

शरीररचनाशास्त्रातला माणूस कायम उभा असतो. तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढे. प्रत्यक्षातला रुग्ण खाटेवर पालथा पडलेला असला तरी डोक्याकडची बाजू ती वरचीच. तिला सुपीरिअर किंवा क्रेनियल म्हणतात, मराठी परिभाषेत ऊर्ध्व. हातापायांचा हिशेब निराळा. तिथे प्रॉक्झिमल म्हणायचं, म्हणजे धडाच्या जवळचं. हात आभाळाकडे उचलला तरी मनगटापेक्षा कोपरच प्रॉक्झिमल. आणि वरच्या दिशेने जाणारं ते असेंडिंग : हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचा पहिला भाग, मोठ्या आतड्याची उजवी बाजू, पायातली वेदना मेंदूकडे नेणारे मज्जारज्जूतले मार्ग. परीक्षेपुरतं एवढं पुष्कळ झालं.

आता घोणस घ्या. आपल्याकडे तिला परड म्हणतात. ती पायाला चावली की जागा ठणकते आणि सूज चढू लागते. अशा वेळी जाणता डॉक्टर आधी साधं पेन काढतो. सूज जिथे संपते तिथे नडगीवर आडवी रेघ मारतो, शेजारी वेळ लिहितो. थोड्या वेळाने पुन्हा पाहतो आणि दुसरी रेघ मारतो. काही तासांत सूज घोटा ओलांडून वर सरकली, तर विष अंगात भिनल्याची ती एक खूण. त्याच वेळी कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त गोठलेलं नसलं, तर प्रतिविष सुरू करायला आणखी पुराव्याची गरज नसते.

पण सुजेची रेघ गुडघ्याखाली आहे म्हणून विषही गुडघ्याखालीच थांबलंय, असं मात्र समजू नये. परडीच्या विषातले बरेच घटक आकाराने मोठे. ते मुख्यतः लसिकेतून, म्हणजे लिम्फमधून जातात. पायाची लसिका जांघेतल्या गाठींतून पोटात, तिथून छातीतल्या मुख्य वाहिनीतून चढत मानेच्या बुडाशी डाव्या बाजूला शिरेत उतरते. तिथून हृदय जवळच, आणि हृदयातून विष सगळ्या अंगभर. लसिकेला स्वतःचं हृदय नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि तिला वर ढकलतात, आतल्या झडपा तिला मागे फिरू देत नाहीत. म्हणून दंश झालेल्या माणसाला चालवायचं नाही. मोडलेल्या पायाला बांधतात तशी फळी बांधून पाय स्थिर ठेवायचा. दोरीने करकचून आवळलं तर पायाचं रक्त तुटतं आणि कधी कधी पायच गमवावा लागतो.

मण्यारची गोष्ट पार उलटी. ती रात्री, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, वेदनाही फारशी नाही. कित्येकांना पहाटे पोट दुखून जाग येते. पायाला दंश झालेला असताना पहिली खूण दिसते ती डोळ्यांत. पापण्या जड होऊन मिटू लागतात. मग बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, मान धरवत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. लकवा वरून खाली उतरतो, डिसेंडिंग. गिलाँ-बारे नावाच्या आजारात तो पायांतून वर चढतो, म्हणून दिशा विचारून डॉक्टर दोन आजार वेगळे करतात. मण्यारच्या दंशात ‘अजून गुडघ्यापर्यंतही चढलं नाही’ म्हणून वाट पाहणं जिवावर बेततं. कडुनिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतो का पाहणं त्याहून धोक्याचं, कारण ढिला पडलेला घसा तो पाला श्वासनलिकेत जाऊ देतो. मण्यारचं विष नसांची टोकंच निकामी करतं. झालेली इजा प्रतिविषाने लगेच उलटत नाही, ती भरून येईस्तोवर कधी कधी कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागतो. म्हणून प्रतिविष जितकं लवकर तितकं बरं.

ही सगळी धावाधाव जंगलात किती अवघड, ते भामरागडच्या लोकांना सांगायला नको. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून तिथल्या दवाखान्यात सर्पदंशावर उपचार होत आले आहेत. तरीही गावचा पुजारी आधी गाठला जातो, कारण तो हाकेच्या अंतरावर असतो. त्याच्याशी भांडून काही साधत नाही. मात्र पुजाऱ्यानेच ‘‘आधी दवाखाना’’ म्हटलं, तर एक जीव वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने 2024 मध्ये आणला. त्याची परीक्षा अशाच गावांत होणार आहे.

आशाताई, शिक्षक, पोलीस पाटील यांना एकच विनंती : 108 लावताना दंशाची वेळ सांगा, आणि सूज असो-नसो, रुग्णाच्या पापण्या पडताहेत का तेही सांगा. पुढच्या आठवड्यात ‘आत’ आणि ‘बाहेर’.